सरकारी लिलावातून जुने डिजिटल कॅमेरे: कोल्हापुरातून पहिल्यांदा बोली लावणाऱ्यांसाठी

सरकारी लिलावात सुटा कॅमेरा क्वचितच मिळतो. मिळतो तो लॉट. एका खोक्यात बारा-पंधरा नग असतात. त्यांतले दोन-तीन चालू, चार-पाच दुरुस्तीचे, बाकीचे सुट्या भागांपुरते. चार्जर भलत्याच कॅमेऱ्याचे, पट्टे कुणाचे कुणाला. विक्री 'जसे आहे, जिथे आहे' या तत्त्वावर होते, म्हणजे नंतर तक्रारीला जागा नाही. म्हणून तुमचा फायदा-तोटा बोलीच्या दिवशी ठरत नाही, पाहणीच्या दिवशी ठरतो. या लेखात पाहणीवर सर्वांत जास्त लिहिलं आहे ते त्यासाठीच.

१. हे कॅमेरे येतात कुठून

पहिला आणि आपल्या जवळचा मार्ग म्हणजे कार्यालयांचं निर्लेखन, म्हणजे निरुपयोगी वस्तू नोंदवहीतून काढून टाकणं. सरकारी कार्यालयात घेतलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते. ती निरुपयोगी ठरली की सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने निर्लेखित होते आणि मग विक्रीला निघते. कोल्हापुरात जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महानगरपालिका, शिवाजी विद्यापीठ, शासकीय तंत्रनिकेतन, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय केंद्र सरकारची छोटी-मोठी कार्यालयं आहेत. छायाचित्रणाचं काम जिथे नियमित चालतं तिथे डीएसएलआर (लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे), बाकी ठिकाणी खिशात मावणारे कॉम्पॅक्ट कॅमेरे, असा साधारण हिशेब धरा.

दुसरा मार्ग कस्टमचा. विमानतळावर किंवा बंदरात जप्त झालेला माल आणि मालकाने सोडवून न नेलेला माल लिलावात येतो. आयात माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही, तर नोटीस देऊन तो विकण्याची तरतूद सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ४८ मध्ये आहे. इथे कॅमेरे नवे, कधीकधी सीलबंदही असतात. स्पर्धाही तेवढीच तगडी असते, आणि माल बहुधा मुंबईच्या गोदामात असतो.

तिसरा मार्ग पोलिसांकडच्या बेवारस मुद्देमालाचा. यात गाड्याच जास्त, कॅमेरा अधूनमधून. रेल्वेचे लिलाव आयआरईपीएस या पोर्टलवर होतात, पण तिथे लोखंडाचंच राज्य आहे. कॅमेऱ्यासाठी रोज तिथे डोकावण्यात वेळ घालवू नका.

एक नियम माहीत असला की कुठे शोधायचं ते कळतं. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे २ लाख रुपयांपेक्षा जास्त अंदाजित किमतीचा निरुपयोगी माल जाहीर निविदेने किंवा जाहीर लिलावानेच विकावा लागतो. त्याखालच्या मालाची विक्री कशी करायची, ते सक्षम अधिकारी ठरवतो. आता विचार करा, दहा जुने कॅमेरे २ लाखांचे कुठून होणार? म्हणून कॅमेऱ्यांचे छोटे लॉट मोठ्या पोर्टलवर येण्याऐवजी कार्यालयाच्या सूचना फलकावर, बंद पाकिटातल्या दरपत्रकांनी, गाजावाजा न होता निघून जातात. कोल्हापुरात राहणाऱ्याला खरी संधी इथेच आहे. मुंबईचा व्यापारी नागाळा पार्कातल्या फलकावरचा कागद वाचायला येत नाही.

२. जाहिरात शोधणं

आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी एवढं बघा:

- एमएसटीसीचं ई-लिलाव पोर्टल. ही पोलाद मंत्रालयाखालची केंद्राची कंपनी आहे. केंद्रीय खाती, सार्वजनिक उपक्रम, कस्टम अशा अनेकांचे लिलाव इथे चालतात.
- जेम या सरकारी खरेदी पोर्टलचा फॉरवर्ड ऑक्शन, म्हणजे लिलावाचा, विभाग.
- एनआयसीचं ई-ऑक्शन पोर्टल. राज्यातले बरेच लिलाव इथे दिसतात.
- जिल्ह्याच्या, महापालिकेच्या आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची निविदा-सूचना सदरं.
- स्थानिक वृत्तपत्रांतल्या जाहीर नोटिसा. 'पुढारी', 'सकाळ', 'तरुण भारत' यांच्या कोल्हापूर आवृत्त्यांची आतली पानं.
- कार्यालयांचे सूचना फलक. विशेषतः भांडार विभाग आणि नाझर शाखेबाहेरचे.

शोधताना 'कॅमेरा' एवढाच शब्द टाकून भागत नाही. नोटिशीत 'निर्लेखित साहित्य', 'निरुपयोगी जडवस्तू', 'जुने इलेक्ट्रॉनिक साहित्य', 'संगणक व इतर साहित्य' असं काहीही असू शकतं. कॅमेरे 'इतर' मध्ये दडलेले असतात. यादी मागवून शेवटच्या पानापर्यंत वाचा.

इथेच एक धोका सांगतो. फेसबुक, टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवर 'कस्टमचा माल, ७० हजारांचा कॅमेरा ९ हजारांत' अशा जाहिराती फिरतात. त्या सरळसरळ फसवणूक असतात. कस्टम खातं व्हॉट्सअ‍ॅपवर माल विकत नाही आणि कुणाच्या खासगी यूपीआय आयडीवर पैसे मागत नाही. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा, आलेल्या लिंकवरून जाऊ नका. पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते आणि हाती येणं अवघड होतं.

३. कागदपत्रं आणि नोंदणी

लिलाव दिसल्यावर नोंदणीला धावलात तर तो लिलाव हातचा गेला म्हणून समजा. पडताळणीला दिवस लागतात. हे आधीच तयार ठेवा:

- पॅन कार्ड
- आधार किंवा दुसरा पत्त्याचा पुरावा
- रद्द केलेला धनादेश. त्यावर नाव छापलेलं हवं, नसेल तर पासबुकाचं पहिलं पान
- जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र. नसेल, आणि पोर्टल मागत असेल, तर नोंदणी नसल्याचं स्वयंघोषणापत्र
- फर्म असेल तर भागीदारी करार किंवा दुकान परवाना आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र
- स्वतंत्र ईमेल आणि कायम चालू राहणारा मोबाइल नंबर
- डिजिटल सिग्नेचर, जिथे मागतात तिथे

डिजिटल सिग्नेचर घ्यायची तर वर्ग ३ चीच घ्या. वर्ग २ देणं जानेवारी २०२१ पासून बंद झालं आहे. ती कोणत्या पोर्टलसाठी हवी ते विक्रेत्याला आधी सांगा, कारण काही ठिकाणी सहीबरोबर एन्क्रिप्शनचं प्रमाणपत्रही लागतं आणि ते वेगळं घ्यावं लागतं.

नावाचं एक अक्षर चुकलं तरी काम अडतं. पॅनवर पूर्ण नाव आणि बँकेत फक्त आद्याक्षरं, हा घोळ नेहमीचा. परतावा अडकतो तो यामुळेच. नोंदणीआधी बँकेतलं नाव सुधारून घ्या.

४. कॅटलॉग वाचताना

कॅटलॉगमधलं वर्णन बहुधा जडवस्तू नोंदवहीतून उतरवलेलं असतं. वर्षांपूर्वी एखाद्या लिपिकाने 'डिजिटल कॅमेरा सोनी – १ नग' लिहिलं, तेच आजही छापलं जातं. त्यामुळे पुढच्या गोष्टी तपासा.

कॅमेरा म्हणजे नेमका कोणता? 'कॅमेरे – ४० नग' असं दिसलं की आधी सीसीटीव्हीची शंका घ्या. वेबकॅम, व्हिडिओ कॉन्फरन्सचे कॅमेरे हेही याच शब्दाखाली येतात. मॉडेल लिहिलेलं नसेल तर संपर्क अधिकाऱ्याला फोन करून विचारा.

ई-कचऱ्याची अट आहे का? ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यामुळे बरीच कार्यालयं बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं फक्त नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांनाच विकतात. तशी अट असेल तर सामान्य खरेदीदाराला तो लॉट बंद आहे. कुणाचं तरी प्रमाणपत्र उसनं घेऊन बोली लावण्याच्या फंदात पडू नका. बोलीसाठी आधी भरलेली अनामत, म्हणजेच बयाणा रक्कम, जाते आणि नाव काळ्या यादीत जातं.

विक्री 'मंजुरीच्या अधीन' आहे का? असेल तर सर्वांत मोठी बोली तुमची असूनही कार्यालय नकार देऊ शकतं. मंजुरी येईपर्यंत तुमची बयाणा रक्कम अडकून राहते. एका वेळी असे तीन-चार लॉट धरले तर भांडवल आटतं.

नग की वजन? काही लॉट किलोवर विकले जातात. तिथे बोली किलोचा दर असते. चारशे रुपये लिहिताना ते पूर्ण लॉटचे समजलात आणि निघाले किलोचे, तर बयाणा सोडून यावं लागेल.

माल उचलायला किती दिवस आहेत आणि उशिराचं भाडं किती, हेही याच पानांत असतं. पाहणीची तारीख, वेळ आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव वहीत उतरवून घ्या.

५. पाहणी

पाहणीला न जाता बोली लावू नका. मुंबईचा लॉट असेल तरीही. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून दुसऱ्या दिवशी गोदाम पाहून परत फिरता येतं, आणि त्या तिकिटापेक्षा स्वस्त विमा दुसरा नाही.

पिशवीत काय हवं:

- एलईडी टॉर्च, छोटा पण प्रखर
- भिंग
- हवेचा रबरी फुगा आणि स्वच्छ सुती कापड
- चार्ज केलेल्या बॅटऱ्या. कॅननसाठी एलपी-ई६, एलपी-ई८, एलपी-ई१०. निकॉनसाठी ईएन-ईएल३ई, ईएन-ईएल१४, ईएन-ईएल१५
- रिचार्ज होणारे एए सेल, ४ नग
- एक २ जीबी एसडी कार्ड, एक १६ जीबीचं, आणि एक कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड
- एक कॅनन आणि एक निकॉन लेन्स, साधी चालेल
- ओळखपत्र, वही, पेन

या बॅटऱ्या विकत घ्यायला नको. शहरातल्या लग्नाच्या फोटोग्राफरांकडे जवळपास सगळ्या असतात, एका दिवसापुरत्या मागून घ्या. कोणती कुठे बसते ते लक्षात ठेवा. कॅनन ७डी, ६०डी, ७०डी, ८०डी आणि ५डी मार्क २ पासून पुढच्या ५डींना एलपी-ई६. कॅनन ५५०डी, ६००डी, ६५०डी, ७००डीला एलपी-ई८. कॅनन ११००डी, १२००डी, १३००डी, १५००डीला एलपी-ई१०. निकॉन डी८०, डी९०, डी२००, डी३००, डी७०० ला ईएन-ईएल३ई. निकॉन डी३१००, डी३२००, डी५१००, डी५२००, डी५३०० ला ईएन-ईएल१४. निकॉन डी७०००, डी७१००, डी६००, डी७५०, डी८०० ला ईएन-ईएल१५.

बॅटरी घालण्याआधी भांडारपालाची परवानगी घ्या. काही ठिकाणी फक्त बघू देतात. म्हणून तपासणी दोन टप्प्यांत करायची सवय लावा.

*बॅटरीशिवाय*

बॅटरीचा कप्पा उघडा. पांढरे-हिरवे क्षार दिसले तर आत सेल फुटून गळलेला आहे. एए सेलवर चालणाऱ्या कॉम्पॅक्टमध्ये हे फार आढळतं, कारण कपाटात ठेवताना सेल काढायची आठवण कुणाला होत नाही. क्षार फक्त पट्टीवर असतील तर व्हिनेगरच्या बोळ्याने निघतात. आतल्या बोर्डापर्यंत गेले असतील तर तो नग सुट्या भागांत धरा.

कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या खाचेत टॉर्च मारा. आतल्या बारीक पिना दोन ओळींत उभ्या असतात. एक जरी वाकलेली असेल तर कार्ड वाचलं जाणार नाही आणि ती सरळ करताना तुटण्याचीच शक्यता जास्त. जुन्या ५डी, ७डी, डी२००, डी३०० मध्ये हे आवर्जून बघा.

स्क्रूची डोकी पाहा. चरे पडलेले असतील तर कॅमेरा आधी उघडला गेला आहे. तळाला किंवा कोपऱ्याला पोचा असेल तर पडला आहे. रबर सुटलेलं किंवा चिकट झालेलं असेल तर घाबरू नका, तो वयाचा परिणाम आहे आणि स्वस्तात दुरुस्त होतो. लोक रबर बघून नाक मुरडतात आणि आतलं चांगलं यंत्र सोडून देतात.

आता लेन्स. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात काढलेली लेन्स म्हणजे बुरशीचं घरच. लेन्सच्या एका टोकाला टॉर्च धरा, दुसऱ्या टोकातून तिरकस बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. सगळ्या भिंगावर दुधाळ पडदा दिसला तर तो धुकटपणा. चार-दोन धुळीचे कण मात्र सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. बघताना अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, उघडं हवं. कॅननची ईएफ लेन्स कॅमेऱ्यातून काढल्यावर उघडीच राहते. निकॉनची जी मालिकेतली लेन्स काढल्यावर मिटते, तेव्हा मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून धरा, नाहीतर निम्मं भिंग दिसणारच नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर ती अडकतात.

निकॉनच्या लेन्सवर एएफ लिहिलंय की एएफ-एस तेही वाचा. डी४०, डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांना जुनी एएफ लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. विकताना गिऱ्हाईक हाच प्रश्न पहिला विचारतं.

*बॅटरी घालून, एका नगाला पाच मिनिटं*

१. चालू करा. तारीख-वेळ विचारली तर काळजी नको, आतला छोटा सेल उतरलेला असतो.

२. कार्ड घाला. २००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखत नाहीत. १६ जीबीचं कार्ड घालून 'कार्ड एरर' आला म्हणून चालू कॅमेरा बाद करू नका, २ जीबीचं घालून बघा. जुने ऑलिंपस आणि फुजी एक्सडी कार्डवर चालतात, जुने सोनी मेमरी स्टिकवर. ही कार्डं आता महाग पडतात, ती लॉटमध्ये आहेत का ते मोजा.

३. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ अ‍ॅपर्चरला फोटो घ्या. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. ओरखडा असेल तर तो जात नाही.

४. १/४००० किंवा त्या कॅमेऱ्याच्या सर्वांत वेगवान शटरला उजेडात फोटो घ्या. एका बाजूला काळा पट्टा आला तर शटर गेलं.

५. कॅननमध्ये 'एरर ०१' आला तर लेन्स आणि बॉडीचे संपर्कबिंदू पुसून, लेन्स बदलून पुन्हा बघा. बऱ्याचदा दोष लेन्समध्ये असतो. 'एरर ३०' शटरचा आहे, तो पुसून जात नाही. निकॉनवर 'एफईई' दिसलं तर लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे एफ/२२ सारख्या टोकावर, लॉक नाही एवढाच अर्थ. हा दोष नाही, पण हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले निकॉन 'बंद' म्हणून नोंदवले जातात.

६. कॉम्पॅक्टची लेन्स बाहेर येताना करकरली तर आत वाळू आहे. अर्ध्यात थांबून 'लेन्स एरर' आला तर दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त होतो.

७. शटर किती वेळा पडलं ते काढा. निकॉनच्या फोटोतच हा आकडा लपलेला असतो, घरी एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने दिसतो. म्हणून प्रत्येक निकॉनचा एक फोटो तुमच्या कार्डावर न्या. कॅननच्या बहुतेक मॉडेलना केबल लावून सॉफ्टवेअरने बघावं लागतं. डी९०, डी३१००, ६०डी, ७००डी यांच्या शटरची चाचणी १ लाखापर्यंतची, डी७०००, डी३००, ७डी, ५डी मार्क २ आणि ३ यांची दीड लाखापर्यंतची. हा आकडा ओलांडला की कॅमेरा लगेच मरतो असं नाही, पण भाव उतरतो.

२००२ ते २००४ च्या सुमाराच्या कॉम्पॅक्टबाबत वेगळं सांगायला हवं. त्या काळातल्या अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सोनीने बनवलेला सीसीडी सेन्सर होता. त्याची आतली जोडणी उष्ण-दमट हवेत निकामी होते, हे कंपन्यांनी २००५ मध्ये जाहीर करून मोफत दुरुस्ती दिली होती. फोटो जांभळा, रेघोट्यांचा किंवा पूर्ण काळा येतो. मोफत दुरुस्तीचा काळ केव्हाच संपला. असा नग आपल्याकडे घेऊन उपयोग नाही.

कस्टमच्या लॉटमध्ये सीलबंद खोका असला तरी दोन गोष्टी विचारा. जपानमध्ये विकायला बनवलेल्या सोनी कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो. आणि परदेशातून आलेल्या नगावर भारतातली वॉरंटी धरू नका.

प्रत्येक नगाला वहीत एक ओळ द्या: मॉडेल, सिरियल नंबर, चालू/शंका/भंगार. ही वही पुढे तीनदा उपयोगी पडते.

६. आकडा काढणं

समजा लॉटमध्ये ३ डीएसएलआर आणि ९ कॉम्पॅक्ट आहेत. तुमच्या वहीप्रमाणे २ डीएसएलआर आणि ४ कॉम्पॅक्ट नक्की चालतात. किंमत फक्त त्यांचीच धरा.

डीएसएलआर २ × ९,००० = १८,०००. कॉम्पॅक्ट ४ × १,५०० = ६,०००. सुट्या भागांचे २,०००. एकूण २६,०००.

खर्च: बॅटऱ्या-चार्जर ३,५००, कार्डं १,०००, सफाई-दुरुस्ती ३,०००, दोन फेऱ्यांचा प्रवास ३,०००. एकूण १०,५००. उरले १५,५००. त्यातून तुमचा मोबदला, विक्रीच्या चौथ्या हिश्शाइतका, ६,५०० काढा. राहिले ९,०००. यावर १८ टक्के जीएसटी बसणार आहे, म्हणून १.१८ ने भागा. बोलीची कमाल मर्यादा आली ७,६०० रुपये.

नवख्यांची सर्वांत महाग चूक इथे होते. बोली कराशिवाय असते हे ते विसरतात. डिजिटल कॅमेऱ्यांवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी आहे. शिवाय सरकारी खातं किंवा स्थानिक संस्था जुना वापरलेला माल जीएसटी नोंदणी असलेल्याला विकते, तेव्हा ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेप्रमाणे तो कर घेणाऱ्यानेच रिव्हर्स चार्जने भरायचा असतो. म्हणजे पावतीवर कर दिसला नाही म्हणून तो नाही असं समजू नका. नोंदणी नसलेल्याकडून खातं स्वतः वसूल करतं. कॅटलॉगमध्ये टीसीएस (विक्रेत्याने वसूल करायचा आयकर) लिहिला असेल तर तोही वर धरा. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण आज खिशातून जातो.

७. बोली

बयाणा रक्कम मुदतीच्या एक दिवस आधी भरा. शेवटच्या तासात केलेला एनईएफटी पोर्टलवर चढेलच याची खात्री नसते. आलेल्या चलनावर जी रक्कम आहे, तीच पैशापर्यंत भरा. गोळाबेरीज करून भरलेली रक्कम जुळत नाही.

ई-लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते. त्यामुळे शेवटच्या सेकंदाला बोली टाकून जिंकण्याची युक्ती इथे चालत नाही. ७,६०० वहीत लिहिलं असेल तर ७,७०० ला थांबा. हाच लॉट गेला तरी निर्लेखन दरवर्षी होतंच.

टाइप करताना शून्य मोजा. एक शून्य जास्त पडलं आणि दाबलं, तर बोली मागे घेता येत नाही.

कार्यालयातल्या उघड लिलावात हातची किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते तो आकडा, आधी जाहीर होते. हातोडा पडताच ठरावीक रक्कम तिथेच भरावी लागते. केंद्राच्या नियमात ती बोलीच्या किमान २५ टक्के आहे. पैसे सोबत हवेत. तिथे कुणी येऊन 'तुम्ही थांबा, आपण नंतर वाटून घेऊ' म्हणालं, तर नम्रपणे बाजूला व्हा. बोलीदारांनी आपसात रिंग करणं हा गैरप्रकार आहे. त्यात सापडलात तर लिलाव रद्द होतो आणि पुढची दारं बंद होतात.

८. पैसे भरून माल उचलणं

विक्री आदेशातल्या तारखेच्या आत उरलेली रक्कम भरा. चुकल्यास बयाणा जप्त होते, विनवण्या चालत नाहीत. माल घ्यायला जाताना विक्री आदेश, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि दुसऱ्याला पाठवत असाल तर त्याच्या सहीचा नमुना असलेलं अधिकारपत्र न्या.

वही काढा आणि सिरियल नंबरनिशी नग जुळवा. पाहणीनंतर लेन्स बदललेली, चार्जर कमी झालेले, असं घडू शकतं. जे काही सांगायचं ते फाटकाबाहेर पडण्याआधी सांगा. डिलिव्हरी चलनावर फक्त 'कॅमेरे १२ नग' लिहिलं असेल तर सिरियल नंबरची यादी जोडून भांडारपालाची सही आणि शिक्का घ्या. उद्या एखाद्या नगाबद्दल चोरीची शंका आली तर हा कागदच तुमच्या बाजूने बोलतो. मूळ प्रत जपून ठेवा, विकताना झेरॉक्स द्या.

पॅकिंगचं साहित्य सोबत न्या. पोत्यात भरून एसटीच्या टपावर टाकलेले कॅमेरे कोल्हापुरात पोचेपर्यंत पाहणीची सगळी मेहनत वाया जाते.

९. घरी आणल्यावर

सर्वांत आधी मेमरी कार्डं. त्यांत पंचनाम्याचे, रुग्णांचे, लाभार्थ्यांचे फोटो असू शकतात. ते बघत बसू नका, कुणाला दाखवू नका. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीतले फोटोही पुसा. मेनूत मालकाचं किंवा कॉपीराइटचं नाव भरलेलं असेल तर तेही काढा.

फुगलेली बॅटरी चार्ज करू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा संकलन केंद्रात द्या. चांगल्या दिसणाऱ्या जुन्या बॅटऱ्याही पहिल्यांदा नजरेसमोर ठेवूनच चार्ज करा.

बुरशी आलेली लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. कोवळी बुरशी कारागीर साफ करू शकतो. भिंगावरचा लेप खाल्लेला असेल तर डाग कायमचा. साफसफाईचा दर लेन्स दाखवूनच ठरवा. साध्या किट लेन्सवर तो खर्च निघत नाही.

ठेवायला हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घ्या. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सिलिका जेलचा रंग दर आठवड्याला बघा. बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. हा तवा स्वयंपाकाचा नको. चामड्याच्या मूळ केसमध्ये मात्र कॅमेरा ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं.

१०. विकताना

चालू नग आणि भंगार नग एकत्र विकू नका. बंद डीएसएलआरलाही मोल असतं. स्क्रीन, बॅटरीचं झाकण, वरचा फ्लॅश, रबर यांची मागणी दुरुस्ती करणाऱ्यांकडे कायम असते. बाबूराव पेंटरांनी जिथे स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा घडवला त्या गावात उघडून बघणारे हात अजून आहेत. राजारामपुरी, शाहूपुरीतल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारलंत तर कारागिराचा पत्ता मिळतो.

जुन्या सीसीडी कॉम्पॅक्टना गेल्या काही वर्षांत तरुणांकडून मागणी आली आहे. त्यांना त्या फोटोंचा रंग आवडतो. म्हणून चालू कॉम्पॅक्ट किलोच्या भावात देऊ नका. त्याने काढलेले पाच फोटो, सोबत बॅटरी, चार्जर आणि कार्ड, असा संच करून विका.

जाहिरातीत शटरचा आकडा, बुरशी, ओरखडे, सगळं स्पष्ट लिहा. नियमित विक्री करायची असेल तर जीएसटीच्या नियम ३२(५) मधली जुन्या मालाची पद्धत तुमच्या कर सल्लागाराकडून समजून घ्या. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) न घेता फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरता येतो. एकदा क्रेडिट घेतलं की त्या नगापुरती ही सवलत गेली. म्हणून हा निर्णय पहिलं बिल फाडण्याआधी घ्या.